देवदार घ्या, पण घराच्या आतल्या अंगाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती गावाला गेले, पाऊस ओसरला, की कोकणपट्टीत सुतारकामाला हात लागतो. कपाटे, पोटमाळ्याच्या फळ्या, दारे-खिडक्या, होमस्टेच्या खोल्यांना लाकडी अस्तर, सगळे दसरा ते होळी एवढ्या दिवसांत उरकायचे असते. अलीकडे या कामांत ‘देवदार’ आणि ‘सीडर’ ही नावे वारंवार कानावर येतात. वास छान, वजनाला हलके, वाळवी लागत नाही, असे सांगून हे लाकूड अंगणातल्या मांडवापासून समुद्राकडच्या खिडक्यांपर्यंत सगळीकडे खपवले जाते. मग दोन पावसाळ्यांत फळ्या फुगल्या, काळ्या पडल्या की ‘देवदार आपल्याकडे टिकत नाही’ असा निकाल लागतो. यात लाकडाचा दोष थोडा आणि खरेदीचा व बसवण्याचा जास्त. अजून ज्यांनी माल उचललेला नाही त्यांच्यासाठी हे पत्र.

आधी माल कोणता, ते पाहू. खरा देवदार हिमालयातला. साधारण दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीवर काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात तो वाढतो. आपल्याकडे खोकी फोडून निघालेल्या पांढुरक्या फळ्यांना ‘देवदारी’ म्हणायची जुनी सवय आहे, पण ते लाकूड बहुतेक वेळा पाइन असते. न्यूझीलंडहून गांधीधामच्या बाजारात उतरणारा पाइनही गावोगावच्या वखारीत याच नावाने विकला जातो. इंटरनेटवर ‘सीडर’ म्हणून जे दिसते ती आणखी वेगळी झाडे. कॅनडाचा वेस्टर्न रेड सीडर हा थुजा प्रजातीतला, तर पेन्सिली आणि कपड्यांच्या पेट्या ज्याच्या करतात तो अमेरिकेचा लाल सीडर म्हणजे जुनिपर. सिगारच्या डब्यांचा ‘स्पॅनिश सीडर’ आपल्या सह्याद्रीतल्या तुणीचा नातेवाईक. प्रत्येकाचा गुण निराळा, भाव निराळा. तेव्हा बिलावर नुसते ‘देवदार’ लिहून घेऊन भागत नाही. ‘हिमालयन देवदार, गाभ्याचे लाकूड’ असे लिहून घ्यावे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोंगरी राज्यांतल्या वृक्षतोडीवर निर्बंध घातले. तेव्हापासून हा माल मुख्यतः वाळलेल्या, उन्मळलेल्या झाडांचा आणि मोजकाच येतो. म्हणूनच ट्रकभर देवदार पाइनच्या भावात कोणी देऊ लागला की समजून जावे.

ओळखायचे कसे? रंगावर जाऊ नये. रंग लावता येतो. वासावरही एकदम भरवसा ठेवू नये, कारण फळीवर तेल चोळून वास आणता येतो. फळीच्या मधल्या भागावरून रंधा मारून तीन-चार मिलिमीटर छिलका काढा आणि मग वास घ्या. खऱ्या देवदाराला आतूनही वास येतो, छिलका बोटांत चुरगाळला तर बोटांना किंचित तेलकटपणा लागतो. पाइनचा वास टर्पेंटाइनकडे झुकणारा, बोटाला चिकट. यापेक्षा पक्की खूण फळीच्या टोकाला मिळते. टोक धारदार पटाशीने किंवा ब्लेडने स्वच्छ कापा, ओल्या फडक्याने पुसा आणि दहापट भिंगातून पाहा. पाइनमध्ये वार्षिक वलयांत राळेच्या नळ्या सुईच्या टोकाएवढ्या विखुरलेल्या दिसतात, आणि फळीच्या अंगावर त्याच नळ्या बारीक गडद रेघा होऊन उतरतात. देवदारात अशा विखुरलेल्या नळ्या नसतात. झाडाला जखम झाली असेल तर त्या दिसतात, पण एका ओळीत, वलयाला धरून. दहापट भिंग कोणत्याही घड्याळजीकडे मिळते. हजारो रुपयांचा माल घेताना एवढे पाहायला हरकत नसावी.

वजनाचाही थोडा आधार घेता येतो. वाळलेला देवदार एका घनफुटाला १६ किलोच्या आसपास, न्यूझीलंडचा पाइन त्याहून दोनेक किलो कमी, सागवान १८-१९ किलो. मात्र माल ओला असेल तर ही तुलना फसते, म्हणून वजन हा दुय्यम पुरावा समजावा.

दुसरी गोष्ट गाभ्याची, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. देवदाराची जी कीर्ती सांगितली जाते, म्हणजे वाळवी लागत नाही, कुजत नाही, कसर दूर राहते, ती सगळी गाभ्याची आहे. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात गाभ्यातले वासाचे तेल जवळजवळ नसते. त्याला बुरशीही लागते आणि कीडही. गाभा फिकट पिवळसर-तपकिरी, पांढरे लाकूड त्याच्या शेजारी उघड पांढुरके दिसते. पॉलिश मारल्यावर मात्र हा फरक झाकला जातो, त्यामुळे पॉलिश केलेली फळी विकत घेऊ नये. फळीच्या एका कडेला बोटभर पांढरे असेल तर ती कड चिरून टाका किंवा भिंतीकडे, कोरड्या जागी वळवा. अर्ध्याहून जास्त पांढरी फळी देवदाराच्या भावाने घेणे म्हणजे पाइनच घेणे. गाठींचेही बघावे. जिवंत गाठ, म्हणजे भोवतीच्या लाकडाशी एकजीव झालेली, चालते. काळ्या कड्याची मेलेली गाठ वाळल्यावर सुटून पडते आणि फळीला भोक राहते.

विकणारे हिमालयातले दाखले देतात. मनालीचे हिडिंबा मंदिर १५५३ चे, देवदाराचे, आजही उभे आहे. दल सरोवरातल्या हाउसबोटी देवदाराच्या. जुन्या काळी रेल्वेचे स्लीपरही देवदाराचे होते. सगळे खरे. पण तिथली हवा थंड, मंदिरांची छपरे उतरती आणि रुंद पागोळ्यांची, भिंतीतले लाकूड दगडाच्या थरांत मोकळा श्वास घेणारे. आणि दल सरोवराचे पाणी गोडे. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खारा वारा, आणि उन्हाळ्यात तापणारी भिंत. समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे देवदाराच्या वासाला घाबरत नाहीत. होडीच्या पाण्याखालच्या कामाला सागवान, ऐन, उंडी ही आपली लाकडे सोडून देवदार वापरण्यात काही अर्थ नाही. समुद्राकडच्या उघड्या दारांनाही तेच लागू. सागवान परवडत नसेल तर पक्का फणस घ्या. फणसाला वास नाही, पण वाऱ्यापावसात तो देवदारापेक्षा उजवा ठरतो, आणि गावातच मिळतो.

मग देवदार कुठे शोभतो? कपाटाच्या आतल्या अस्तराला, कपड्यांच्या पेटीला, पोटमाळ्याच्या खालच्या अंगाला, खोलीच्या आतल्या भिंतीला. हलका असल्याने छतावर भार येत नाही, रंध्याखाली लोण्यासारखा चालतो, आणि वासाचा फायदा बंद जागेतच मिळतो. एवढ्यापुरता तो कोकणात निर्धास्त वापरावा, अट वाळवणीची आणि बसवणीची.

वाळवणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण कोकणातले निम्मे लाकूडकाम इथेच बिघडते. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. आषाढ-श्रावणात किनाऱ्यावर हवा इतकी दमट असते की उघड्या लाकडातला ओलावा १८ ते २० टक्क्यांवर जाऊन थांबतो. माघ-फाल्गुनात तोच ११-१२ टक्क्यांवर येतो. या चढउतारात आठ इंच रुंदीची फळी आडवी दोन मिलिमीटरच्या आसपास फुगते किंवा आक्रसते. लांबीत फरक पडत नाही म्हटले तरी चालेल. सगळा खेळ रुंदीचा. दहा फूट भिंतीवर अशा पंधरा फळ्या शेजारी-शेजारी घट्ट ठोकल्या तर पावसात तीन सेंटिमीटर वाढ जायची कुठे? ती फळ्या उचलून बाहेर काढते. उलट, ओल्या हवेत बसवलेल्या फळ्यांत मार्चपर्यंत उघड दिसणाऱ्या फटी पडतात.

म्हणून फळ्या १३-१४ टक्क्यांवर असताना बसवाव्यात. म्हणजे ऐन कोरड्या हवेत वाळून कडक झालेल्या नकोत आणि भर पावसातल्या तर मुळीच नकोत. भट्टीत वाळवलेला माल १२ टक्क्यांचा म्हणून येतो. तो आणल्याबरोबर न ठोकता ज्या खोलीत बसवायचा तिथेच दोन-तीन आठवडे मांडून ठेवावा. हिरवा, म्हणजे न वाळवलेला, माल आणला असेल तर इंचभर जाडीच्या फळ्यांना कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढा काळ धरावा. जमिनीपासून दीड फूट उंच चौथरा, त्यावर फळ्यांचा थर, दर दोन फुटांवर इंचभर जाडीची पट्टी, पुन्हा थर. वरच्या पट्टीच्या बरोबर खाली खालची पट्टी आली पाहिजे, नाहीतर फळीला पाळण्यासारखा बाक येतो. फळ्यांच्या टोकांना मेण किंवा जाड ऑइलपेंट लावावा, कारण टोकातून ओलावा फार झपाट्याने जातो आणि चिरा पडतात. वर दगड ठेवून वजन द्यावे. सावली हवी, वारा हवा. मांडवावर प्लॅस्टिक गुंडाळून खाली माल ‘वाळवायला’ ठेवणे म्हणजे बुरशीची शेती.

ओलावा मोजायचे सुई टोचायचे यंत्र सोपे, पण किनाऱ्यावर ते दगा देते. फळीवर खारा वारा लागलेला असला की क्षारामुळे आकडा जास्त दिसतो. वरचा थर रंधून मग सुया टोचाव्यात. खात्री हवी असेल तर जुनी रीत चांगली. फळीच्या टोकापासून फूटभर आत इंचभर रुंद चकती आडवी कापा, लगेच स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, नंतर ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सिअसला वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवा. समजा ९२ ग्रॅमची चकती ८० ग्रॅमवर स्थिरावली. १२ भागिले ८०, म्हणजे ओलावा १५ टक्के. देवदारातले थोडे तेलही या उष्णतेत उडते, तेव्हा खरा ओलावा आकड्यापेक्षा किंचित कमीच समजावा. ओव्हन स्वयंपाकाचा असेल तर पुढचे दोन-तीन दिवस केकला देवदाराचा वास येईल, हेही सांगून ठेवतो.

भिंतीला अस्तर लावताना आपली जांभ्याची भिंत विसरू नये. जांभा पाणी ओढतो, पायथ्यापासून ओल चढते, आणि फळी थेट भिंतीला टेकवली तर मागच्या बाजूने ती कायम ओली राहते. पुढून कोरडी आणि मागून ओली फळी कपासारखी वाकणारच. भिंतीवर आधी एक बाय दोन इंची रिपा दीड-दीड फुटांवर उभ्या-आडव्या अशा माराव्यात की मागे हवेला वरखाली वाट राहील. म्हणजे फळ्या उभ्या असतील तर आडव्या रिपांमध्ये फटी सोडाव्या लागतात. आडव्या फळ्यांना उभ्या रिपा आपोआप वाट देतात. खाली जमिनीपासून सहा इंच सोडावेत, वर छताशी बोटभर फट ठेवून तिला बारीक जाळी लावावी. मागे प्लॅस्टिकचा कागद घालू नये. ओल अडवायला म्हणून तो घालतात आणि तीच ओल फळी व कागदाच्या मध्ये कोंडते.

रिपा देवदाराच्याच हव्यात असे नाही, पण त्यांना बोरॅक्स-बोरिकचे पाणी पाजावे. एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवावे. वाळलेल्या रिपा त्यात निदान रात्रभर बुडवून सावलीत पुन्हा वाळवाव्यात. अस्तराच्या फळीला पांढरी कड राहिली असेल तर तिच्यावर ब्रशने दोन हात द्यावेत. हे औषध पाण्यात विरघळून जाते, म्हणून पावसात भिजणाऱ्या लाकडाला त्याचा उपयोग नाही. मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

फळ्या रुंद घेण्याचा मोह टाळा. आठ इंची चार फळ्यांपेक्षा चार इंची आठ फळ्या कमी त्रास देतात, कारण प्रत्येक सांध्यावरची हालचाल निम्मी होते. खाच-जिभेच्या सांध्यात, म्हणजे एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते तिथे, दोन मिलिमीटर मोकळीक, भिंतीच्या दोन्ही टोकांना दहा-दहा मिलिमीटर, वर पट्टी मारून झाकायची. फळीला प्रत्येक रिपेवर एकच स्क्रू, तोही जिभेच्या बाजूने. दोन्ही कडांना स्क्रू मारलेली फळी हलू शकत नाही, मग मधोमध फुटते. देवदार टोकाशी ठिसूळ असतो; खिळा सरळ ठोकला की चीर जाते. आठ नंबरच्या स्क्रूसाठी फळीत साडेचार मिलिमीटरचे आणि रिपेत अडीच-तीन मिलिमीटरचे भोक आधी पाडावे. वीस मिलिमीटर जाडीच्या फळीला दीड इंची स्क्रू पुरतो. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा. समुद्रापासून जवळ असाल तर ३१६ ग्रेडचा. साधा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खाऱ्या हवेत गंजतो, आणि गंज ओल्या लाकडात झिरपून काळा ओघळ उमटवतो. तो रंधूनही नीट जात नाही.

हिशेब करताना घनफुटाचे सूत्र लक्षात ठेवावे: जाडी इंचांत गुणिले रुंदी इंचांत गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. शंभर चौरस फूट भिंतीला इंचाच्या फळ्या धरल्या तर सव्वाआठ-साडेआठ घनफूट होतात. रंधा, खाच-जीभ, टाकाऊ गाठी धरून आणखी पंधरा टक्के, म्हणजे साडेनऊ-दहा घनफूट. दुकानदार कापीव मापाने विकतो आणि आपण रंधलेल्या जाडीने मोजतो. वखारीतले बहुतेक वाद इथूनच सुरू होतात, म्हणून माप कोणते ते आधी ठरवून घ्यावे.

पॉलिशची गोष्ट वेगळी आहे. देवदाराचे तेल पृष्ठभागावर येत राहते, त्यामुळे वार्निश नीट बसत नाही; चिकट राहते किंवा काही महिन्यांनी पापुद्रे सुटतात. सावंतवाडीच्या लाखकामाला हे लाकूड निवडत नाहीत ते बरेच आहे. भिंतीच्या अस्तराला पॉलिश हवेच असेल तर रंधल्यावर लगेच स्पिरिट किंवा थिनरच्या फडक्याने पुसा, सुकू द्या, पहिला हात लाखेच्या पातळ पॉलिशचा द्या. लाख तेलाला अडवते. त्यावर मग पाहिजे ते पॉलिश. सरस किंवा गोंद लावतानाही असेच: रंधल्यापासून तासाभरात, स्पिरिटने पुसून. पावसाळ्यात पाण्याला दाद न देणारा पांढरा गोंद घ्यावा आणि शिकंजा चोवीस तास सोडू नये. जवसाचे तेल वापरले तर फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कपाटाच्या आणि पेटीच्या आत मात्र पॉलिशचा थेंबही नको. वास अडतो हे एक. शिवाय बंद पेटीतली तेलाची वाफ पॉलिशला मऊ करते आणि ते कपड्यांना चिकटते.

पेटीचे माप उदाहरणादाखल देतो. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड खोल अशा पेटाऱ्याच्या आत झाकण आणि तळ धरून साडेबावीस चौरस फूट अस्तर लागते. आठ मिलिमीटर जाडी भरपूर झाली. इंचाची फळी मधोमध चिरली की करवतीची जाडी जाऊन अकरा मिलिमीटरचे दोन पापुद्रे मिळतात, रंधून आठाचे. म्हणजे इंची फळी सव्वाअकरा चौरस फूट, टाकाऊ धरून सव्वा घनफूट पुरे. अस्तर चिकटवू नये. बारीक पितळी स्क्रूंनी बसवावे, कडांना दोन मिलिमीटर सोडून. तळाला सलग फळीऐवजी पट्ट्या माराव्यात, खालून हवा खेळते. शेवटचा हात १२० नंबरच्या काचकागदाचा, त्याहून गुळगुळीत नको. पूर्ण पेटी करण्याइतकी हौस नसेल तर दोन इंच लांब-रुंद आणि अर्धा इंच जाड वड्या कापून लोखंडी कपाटाच्या प्रत्येक खणात दोन-तीन ठेवाव्यात.

आता या वासाकडून अपेक्षा किती ठेवायची? ताज्या गाभ्याचा वास कपडे खाणाऱ्या पतंगाच्या लहान अळ्यांना त्रास देतो, पतंगांना बऱ्याच अंशी दूर ठेवतो. मोठी अळी किंवा आधीच घातलेली अंडी त्याने मरत नाहीत. घामाचा, तेलाचा डाग असलेला शालू देवदाराच्या पेटीत ठेवला तरी कसर लागणारच. धुऊन, पूर्ण वाळवून, उन्हात झटकून मगच ठेवावा. तेल उडत जाते तसा वास ओसरतो. वर्षा-दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या आधी, १२० नंबरच्या कागदाने आतून हलकेच घासले की नवा थर उघडा पडतो. बाजारातले देवदार तेल अस्तरावर ओतू नये, डाग पडतात. ओतायचेच तर वडीच्या एका बाजूला चार थेंब, आणि ती बाजू कपड्यांकडे नको. रेशीम, जर, आणि पांढरा कपडा लाकडाला थेट टेकवू नये. जुन्या, धुतलेल्या सुती पंच्यात गुंडाळावा. शिसे असलेल्या जुन्या वस्तूंना लाकडातल्या आम्लाची वाफ खाते, त्या वेगळ्या ठेवाव्यात.

कोकणात कपड्यांचा खरा वैरी कसर नसून बुरशी आहे, हे मात्र विक्रेते सांगत नाहीत. आषाढात बंद कपाटात जी पांढरी-हिरवी भुरी चढते तिला देवदार रोखू शकत नाही. तिला कोरडेपणाच लागतो. पावसाची उघडीप मिळाली, ऊन पडले, की कपाट तास-दोन तास सताड उघडे ठेवावे. बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या आठवड्याला तापवून पुन्हा वापराव्यात. कपाटात बल्ब पेटता ठेवायची पद्धत काही घरांत आहे. कपड्यापासून बल्ब दूर आणि जाळीत नसेल तर ती आग लावते.

औषधाबद्दल दोनच शब्द. देवदार्वादि काढा बाळंतिणीला देण्याची रीत जुनी आहे आणि हिमालयात जनावरांच्या खरजेवर हे तेल लावतात. पण काढ्यासाठी सुताराकडचा भुसा किंवा तुकडे कधीही वापरू नका, त्यावर कोणते औषध मारले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. तेल पोटात घ्यायचे नाही, अंगाला नुसते लावायचे नाही. गुराला लावायचे तर पशुवैद्याला विचारून.

याच कारणाने खोक्यांच्या लाकडाबद्दल बजावून सांगणे भाग आहे. न्हावाशेव्याला उतरणाऱ्या मालाची पॅलेट आणि खोकी फोडून त्या फळ्या कोकणात येतात, त्यांची बाके, टेबले होतात, उरलेले चुलीत जाते. त्यांच्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. ‘एचटी’ असेल तर फळी आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेली आहे, तिला काही भय नाही. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली आहे. ती घरात नको आणि चुलीत तर नकोच. हिरवट झाक असलेल्या, दाबाखाली औषध पाजलेल्या फळ्यांच्या राखेत आर्सेनिक असू शकते. त्यांची राख माडाच्या आळ्यात घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कारागिरांनी आपल्या नाकाचीही काळजी घ्यावी. वेस्टर्न रेड सीडरच्या भुशाने दमा जडतो, हे जगभरच्या गिरण्यांत सिद्ध झालेले आहे. देवदाराचा भुसा त्या मानाने सौम्य, तरी बंद शेडमध्ये डोळे चुरचुरतात. एन-९५ मास्क आणि एक्झॉस्ट पंखा एवढे तरी हवे.

राहता राहिले देवदाराच्या लागवडीचे. किनाऱ्यालगतच्या जमिनीत ‘देवदाराची रोपे, पंधरा वर्षांत लाखोंचे लाकूड’ अशी भुरळ कोणी घालू लागले तर त्याला वाटेला लावावे. ज्या झाडाला हिमालयातला हिवाळा लागतो ते रत्नागिरीच्या कातळावर इमारती लाकूड देणार नाही. वासाचे, हलके, रंधायला मऊ लाकूड आपल्या मातीत हवे असेल तर तूण आहे. ऑस्ट्रेलियात ‘रेड सीडर’ म्हणून ज्याच्या पेट्या आणि सामान झाले ते हेच झाड. सह्याद्रीच्या उतारावर, ओढ्याकाठी ती चांगली वाढते. कोवळेपणी शेंडा पोखरणारी अळी लागते, तेव्हा एकट्या तुणीचा मळा करू नये, फणस-ऐनाच्या सावलीत मिसळून लावावी. लाकूड लालसर आणि वास देवदारापेक्षा मंद, पण कपाटाच्या अस्तराला आणि देवघराच्या दारांना ते सहज चालते. मालकी जमिनीतले झाड तोडायचे असेल तेव्हा वन विभागाची परवानगी आणि वाहतूक परवाना लागतो की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

या हंगामात ज्यांचे काम निघाले आहे त्यांनी वखारीत जाताना भिंग, छोटा रंधा आणि मोजपट्टी बरोबर न्यावी. टोक कापून दाखवायला जो नकार देईल त्याच्याकडून माल घेऊ नये.

आपले,
लाकूडकामाशी संबंधित काही वाचक,
देवगड-मालवण परिसर